अकरावा

आवर्तसारणीचा तक्ता गेल्या आषाढात
भिंतीवर टांगल्या जागीच ओला झाला.
उजवीकडची कड कसरीने खाल्ली.
हेलियम गेला, निऑन गेला,
क्रिप्टॉनचं नुसतं 'क्रि' उरलं.
"नाहीतरी ते कुणाशी बोलत नाहीत ना, बाई,"
नौशीन मुकादम म्हणाली.
निष्क्रिय वायूंची इतकी नेमकी व्याख्या
नववीच्या पुस्तकात नाही.

कवचांपाशी मात्र मी अडले.
फळ्यावर गोलात गोल काढत गेले,
के, एल, एम, त्यांवर खडूचे ठिपके,
मधोमध केंद्रक, चांगलं बोराएवढं,
आणि काढता काढता मलाच वाटलं
हे खोटं आहे.
इतकं जवळजवळ काहीच नसतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "विज्ञान, की सहल?"
मी म्हटलं, विज्ञान,
आणि सहीसाठी माझंच पेन पुढे केलं.

हर्णैच्या बंदरात लिलावाला अवकाश होता.
बर्फाचा ट्रक मागे मागे येत होता,
क्लीनर ओरडत होता, आन दे, आन दे.
ओहोटीच्या वाळूवर मी
कडव्या वालाचा एक दाणा ठेवला.
"हे केंद्रक. आता इलेक्ट्रॉन कुठे असेल?"
कुणीतरी टाचेने वीतभर लांब रेघ मारली.
"अजून लांब."
ती ओढून ठेवलेल्या होडीपर्यंत गेली.
"अजून."
पुढे पाणी होतं.
मी सुवर्णदुर्गाकडे बोट केलं.
तिथे. तटाच्या आसपास कुठेतरी.
दिसणार नाही,
आणि नेमका कुठे, तेही सांगता येणार नाही.

तेहतीस मुलं एका वालाभोवती गप्प.
मग वेदांगी चोगले: "आणि मधे काय, बाई?"
"काही नाही. सगळं रिकामं."

हर्षल पावसे वर्गात कधी बोलत नाही.
त्याच्या बोटांवर दोरीचे वळ असतात,
पेन धरतो तेही वल्ह्यासारखं.
तो म्हणाला,
"रिकामा म्हनू नये, बाई.
आजा सांगतो, दर्याला रिकामा नाय म्हनायचा.
जाळा तसाच वर आला,
तर म्हनायचा, आज नाय गावला."

एम.एस्सी.ला मला पहिला वर्ग होता.
मी म्हणाले, बरोबर आहे, मधे ओढ असते.
धनाची ऋणाला.
"म्हणजे वाऱ्यासारखी?" नाही.
"मग नांगराच्या दोरासारखी?" तशीही नाही रे.
"मग कशासारखी?"
तेवढ्यात एक कावळा उतरला
आणि केंद्रक उचलून गेला.
परतताना शाळेपर्यंत सगळे हसत होते. मीसुद्धा.

घटक चाचणी. प्रश्न तिसरा:
सोडियमचे इलेक्ट्रॉन संरूपण रेखाटा. गुण दोन.
बत्तीस जणांनी माझाच फळा काढला,
बोरासकट.
हर्षलने मध्यभागी पेनाचं टोक नुसतं टेकवलं होतं.
दोन, मग आठ, ते समासाला भिडलेले.
अकरावा पानात मावलाच नव्हता.
तो पुढच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात,
शेजारी बारीक अक्षरात:
'हा इथंच आहे असं नाही.'

नमुना उत्तरात असं वाक्य नसतं.
मी दोनपैकी दोन दिले.
भात उतरवायला उठले,
मिठाच्या बरणीला पाणी सुटलं होतं.
अकरावा देऊन टाकलेला सोडियम,
आणि तो घेऊन बसलेला क्लोरीन,
चिमटीला चिकटले.

सोमवारी पेपर वाटले.
हर्षल नव्हता. नौका पहाटे दोनलाच सुटली होती.
हजेरीच्या चौकटीत 'गै' लिहायला
मी पेन टेकवलं, आणि उचललं.

महिनाअखेर गोषवाऱ्याची बेरीज
एकाने चुकायला लागली.
शिगवण कारकून दोनदा मोजून गेले,
तिसऱ्यांदा चष्मा पुसून आले.
मी म्हटलं, राहू दे,
आज नाय गावला.